वत्सला इथं राहत नाही

कटिंगच्या टेबलाखाली कापडाची कतरण कशी साचते ते टेलरलाही कळत नाही. सकाळी झाडून काढावी, दुपारपर्यंत पायाखाली पुन्हा मऊ लागायला लागतं. किश्श्यांचंही तसंच आहे. नंदनवन नावाच्या वस्तीत माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. बाया ब्लाउजचं माप द्यायला येतात, फॉल-पिकोला येतात, आणि थांबल्या की बोलतात. माझ्या तोंडात बहुतेक वेळ टाचण्या असतात. अशा माणसाला कोणी मत विचारत नाही. तो नुसता ऐकतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण हे असं, टाचण्या तोंडात धरून.

पूर्वी बाया सासूबद्दल बोलायच्या. आता कागदांबद्दल बोलतात. आधार, पॅन, केवायसी. आमच्या गल्लीतल्या गिरजाबाई म्हणतात, सासू बरी होती, ती घरात एकच होती. इथं ऑफिसाच्या प्रत्येक खिडकीत एक बसली आहे.

हे सगळं मी लोकांच्या घरचं म्हणून ऐकत होतो. मग आमच्या सोनलचा मस्कतहून फोन आला.

* * *

सोनल आमची एकुलती एक मुलगी. जावई तिकडे कंपनीत आहे. दिवाळीच्या सुमाराला बाळंतपण आहे, आई, तू ये, असं ती म्हणाली. माझी बायको मीना दुकानाच्या दारात बसून हुक लावत होती. विमानात ती कधी बसली नव्हती, पण त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "तिथं डिंक भेटते का?"

आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून पासपोर्टचा अर्ज भरला. मी फक्त सोबतीला. थोड्याच दिवसांत माझा पासपोर्ट पोस्टानं घरी आला. हिचा अडकला.

झालं असं की, हिच्या आधारवर जन्माचं नुसतं सालच होतं. तारखेसाठी शाळेचा दाखला लावला. दाखल्यावर नाव वत्सला रामाजी भोयर, कुहीजवळच्या एका गावातली. आधारवर मीना प्रभाकर ठवकर. स्वतःचं नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा, आडनाव वेगळं. माझ्या नावाचा या सगळ्यात एक कानाही हलला नव्हता.

मीना हे नाव ठेवायचं कारण साधं होतं. घरात माझी मोठी वहिनी आधीच वत्सला होती. हाक मारली की दोघी धावतील, असं आईला वाटलं. म्हणून लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'मीना' लिहिलं.

पासपोर्टच्या खिडकीतली मुलगी भली होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "काकू, नाव बदलल्याचं कुठे लिहिलेलं आहे का?"

"हाव. तांदळावर लिहिलं होतं."

"मग ते दाखवा ना."

"त्याचा संध्याकाळी भात केला."

* * *

दुसऱ्या दिवशी ही दुकानात एकच हुक लावत आणि उसवत बसली होती. गिरजाबाई ब्लाउज न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा हिनं सांगितलं. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी ते सगळं पार करून बसली.

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, वारले तेव्हाची गोष्ट. मालकांच्या ऑफिसात बायकोचं नाव लिहिलं होतं माहेरचं, कारण नोकरी लागली तेव्हा लग्न नुसतं ठरलं होतं. बँकेत नाव सासरचं. तेव्हा पेन्शनसाठी त्यांना ॲफिडेव्हिट करायला लावलं: अमुक नावाची बाई आणि तमुक नावाची बाई या दोन नसून एकच आहेत. टाइप करणाऱ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे ना, आजी?

गिरजाबाई त्याला म्हणाल्या, "बाबू, आम्ही दोघी असतो तं एक घरी सैपाक करत राहिली असती. दोघींच्या पायानं मी एकटी काहून उभी राहिली असती लायनीत?"

ही त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

* * *

मी मात्र माझ्या कामाला लागलो होतो. येणाऱ्या बाळासाठी झबली शिवत होतो. मलमलीचं एक, पिवळ्या कॉटनचं एक. सवयीनं शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली, खाली दुमड ठेवली. कपडा वाढता असावा, ही आमच्या धंद्याची रीत आहे.

हिनं एक बॅग काढून दाराशी ठेवली. झबली, टोपडी, जुन्या लुगड्यांची गोधडी, डिंक. खिडकीवर जाऊन आलो की ती बॅग उघडायची, सगळं बाहेर काढायची, घडी घालून पुन्हा भरायची. रात्री उठून बॅगेची चेन लागली आहे का ते पाहायची. मी काही बोलत नव्हतो. बोलून तिची चेन बंद होणार नव्हती.

तिसऱ्यांदा कागद परत आले तेव्हा मी बॅगेतलं पिवळं झबलं काढलं, बाजूच्या शिवणी उसवल्या आणि थोडं मोठं करून पुन्हा टीप मारली. ही पाहत होती.

"काहून वाढवून राहिले?"

मी म्हटलं, "आपण पोचेपर्यंत अंगात जायला पाहिजे ना."

तिनं झबल्याची दुमड उलटून पाहिली. मग म्हणाली, "असंच चाललं अन् नात झाली, तं तिच्या लग्नाचं ब्लाउजच शिवून ठेवा."

* * *

कोणीतरी सांगितलं की लग्नाचं सर्टिफिकेट लावलं की दोन्ही नावं एका कागदावर येतात. आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट नव्हतं. त्या काळी कोण काढत होतं? गावातले लोक जेवून गेले, झालं लग्न. आता नोंदणी करायची तर लग्नाची पत्रिका हवी होती.

पत्रिका माझ्याकडे नव्हती. हिचा भाऊ धनराज कुहीकडे शेती करतो. त्याच्या घरी देवाच्या तसबिरीमागे एक सापडली. हळदीकुंकवाचे डाग पडलेली, पण धड. धनराज ती पिशवीत घालून स्वतः घेऊन आला. दुकानात त्या वेळी गिरजाबाई होत्या आणि वैशाली होती. वैशाली म्हणजे दवाखान्यात नर्स आहे ती. सगळ्यांनी पत्रिकेवर डोकं वाकवलं.

वर म्हणून माझं नाव नीट छापलं होतं, वडिलांच्या नावासकट. वधूच्या जागी छापलं होतं, 'चि. सौ. कां. बेबी'.

धनराजनं कान खाजवला. "घरात सगळे तिले बेबीच म्हणत होते ना, भाऊजी. बाबानं छापखान्यात तेच सांगितलं."

वैशालीनं विचारलं, दाखल्यावर वत्सला, आधारवर मीना, पत्रिकेवर बेबी, मग आता काय करायचं? एक कागद आणायला गेलो होतो आणि एक नवीन बाई घेऊन आलो होतो.

गिरजाबाई हिच्याकडे वळल्या. "बरं झालं वं. आता तिघी झाल्या. एक सैपाकाले, एक लायनीत. अन् तिसरीले पाठव मस्कतले."

* * *

वैशालीचा विषय निघालाच आहे तर तिचंही सांगतो. लग्न झालं तेव्हा तिनं हौसेनं सगळीकडे नवऱ्याचं नाव लावलं. दोनच वर्षांत ती माहेरी परत आली. कोर्टात केस चालू आहे, चालूच राहील. दरम्यान तिला वाटलं, नोकरीच्या बिल्ल्यावर तरी बापाचं नाव असावं. रोज छातीवर त्या माणसाचं नाव लावून फिरावं लागतं.

ती चौकशीला गेली. तिला सांगितलं की कोर्टाचा निकाल आणा, नाहीतर नवऱ्याची 'ना हरकत' आणा. त्याचं नाव काढून टाकायला त्याचीच परवानगी.

हे सांगताना ती माझ्यासमोर हात पसरून उभी होती आणि मी बाहीचं माप घेत होतो. ती म्हणाली, "काका, त्याची हरकत माझ्या नावाले कधीच नव्हती. मी जिती आहो यालेच होती."

मी टेप तसाच धरून उभा राहिलो. मग पुन्हा माप घेतलं, कारण पहिलं विसरलो होतो.

* * *

बेबीचं ॲफिडेव्हिट झालं. ते झाल्यावर नोंदणीचा दिवस मिळाला. लग्न लावणारे भटजी तर केव्हाच वारले होते, म्हणून साक्षीदार लागणार होते. नेमकी धानाच्या रोवणीची वेळ. धनराज आणि त्याच्या गावचे दोन म्हातारे बांधीतल्या चिखलातून निघून थेट आले. एकाच्या पोटरीला चिखल वाळलेला होता.

टेबलावरचा क्लार्क तरुण होता. त्यानं आमच्या लग्नाचा एकुलता एक फोटो हातात घेतला. फोटोत मी छान दिसतो. ही माझ्या बाजूला आहे, पण पदर पार हनुवटीपर्यंत.

"यात काकूंचा चेहराच दिसत नाही," क्लार्क म्हणाला.

"तवा दाखवायची पद्धत नव्हती, साहेब," चिखलवाला म्हातारा म्हणाला. "ह्यानंही लग्नानंतरच पायला."

क्लार्क हसला. चांगला मुलगा होता. फोटो त्यानं लावून घेतला. मग कॉम्प्युटरवर एकेक गोष्ट भरत गेला. माझं नाव विचारलं, भरलं, पुढे गेला. मग हिला म्हणाला, "काकू, लग्नाआधीचं नाव झालं. आता लग्नानंतरचं सांगा."

ही इतके महिने प्रत्येक खिडकीवर विचारलं तेवढंच सांगत आली होती. त्या दिवशी तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"माझं एकदा बदलून झालं आहे, बाबू. आता ह्यांचं बदला."

साक्षीदार म्हातारे हसले. धनराज हसला. क्लार्कही हसला. ही हसत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मलाही हसू आलं नाही. मला बोलायला जरा वेळ लागतो. मी क्लार्कला विचारलं, "बदलता येते का, साहेब?"

त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग माझं तोंड पाहून त्यानं खरोखरच स्क्रीन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"काका," तो म्हणाला, "वराच्या बाजूला तसा रकानाच नाही."

हिनं आपलं नाव सांगितलं, मीना प्रभाकर ठवकर. सही केली. पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चला. ह्या म्हाताऱ्यांले कुहीची बस भेटणार नाही."

दुसऱ्या दिवशी वैशालीनं दुकानात सगळ्यांना पेढे वाटायला लावले. वर म्हणाली, "लग्न श्रावणात अन् नातवंड दिवाळीत. काकू, गल्लीत तोंड दाखवाले जागा राहणार नाही तुमाले."

* * *

नात दिवाळीच्या आधीच झाली.

सकाळी व्हिडिओवर तिचं तोंड दिसलं. मीनानं फोन दोन्ही हातांत धरला होता, दुधाचं भांडं धरावं तसा. सोनलला सांगत होती, असं शेक, असं पुस, टाळूवर तेल घाल. फोन ठेवला आणि बॅग उघडून बसली. पासपोर्टची पोलीस चौकशी अजून व्हायची होती. गल्लीतल्या बाया मला म्हणायला लागल्या, काका, तुमचा पासपोर्ट तं कपाटात आहे, तुम्हीच जा बाळंतपणाले. मी जाऊन काय करणार होतो? काजं?

सोनलनं बारसं थांबवलं. आई आल्याशिवाय नाव ठेवणार नाही, म्हणाली.

तिचाही एक किस्सा झालाच. आईच्या तांदळाच्या ताटाची गोष्ट ऐकून तिनं लग्नात नाव बदललं नव्हतं. तर तिकडे दवाखान्यात विचारलं, नवऱ्याचं आडनाव वेगळं कसं, लग्नाचा कागद आणा. ती फोनवर हे सांगून हसत होती. हिला हसू येत नव्हतं.

"बदललं तरी मागते, नाही बदललं तरी मागते. जावयाले काय मागितलं?"

सोनल म्हणाली, "त्यांना पेढे मागितले, आई."

मी दोन्ही झबल्यांच्या शिवणी पुन्हा उसवल्या.

* * *

आता सांगतो तो किस्सा आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा सांगितला जातो, पण हिच्यासमोर कोणी सांगत नाही.

दुपारची वेळ होती. मी आत मशीनवर होतो, ही दारात हुक लावत होती. चौकशीचा पोलीस आला. मोटरसायकल उभी केली आणि हातातला कागद पाहून हिलाच विचारलं, "वत्सला रामाजी भोयर इथं राहतात का?" कागदावर दोन्ही नावं होती, त्यानं वरचं वाचलं.

हिनं मान वर केली. थोडा विचार केला. मी मशीनच्या आवाजातून ऐकलं, ही म्हणाली, "नाही बा. वत्सला इथं राहत नाही."

पोलिसानं शेजारी विचारलं. तेही नाही म्हणाले. गल्लीत सगळे मीनाकाकूला ओळखतात. वत्सलाला कोण ओळखणार? माझी वत्सलावहिनी जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यानं कागदावर काहीतरी लिहायला पेन काढलं.

मी उठेपर्यंत, चष्मा सापडेपर्यंत, तो मोटरसायकलवर बसला होता. तेवढ्यात हिच्या हातातलं ब्लाउज खाली पडलं. ही धावली. या वयात तिला धावताना मी पाहिलं नव्हतं. एक चप्पल दारातच राहिली. गल्लीच्या टोकाला तिनं मोटरसायकलचं मागचं कॅरियर धरलं.

"साहेब, थांबा. मीच आहो. मीच वत्सला आहो."

पोलिसानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग आताच तं नाही म्हणत होत्या, काकू?"

तिला दम लागला होता. ती म्हणाली, "लय दिवसांनी कोणी हाक मारली, बाबू. मले वाटलं दुसऱ्या कोणाले बोलावून राहिले."

त्यानं मोटरसायकल बंद केली. दुकानात येऊन बसला, पाणी प्यायला आणि सगळं नीट लिहून घेऊन गेला. हिची दारातली चप्पल मी उचलून तिच्या पायाशी ठेवली. ती बराच वेळ तिनं घातलीच नाही.

* * *

पासपोर्ट आला. मग व्हिसा. लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे होते, म्हणून मी राहिलो आणि ती एकटीच गेली. विमानतळावर बॅग देताना तिनं चेन पुन्हा एकदा पाहिली.

तिथे पोचल्यावर बारसं झालं. व्हिडिओवर मी नातीला पिवळ्या झबल्यात पाहिलं. अगदी मापात बसलं होतं. उसवलेल्या शिवणींचे टिपके कापडावर ओळीनं दिसत होते. सोनलनं विचारलं, आई, या कसल्या रेघा? हिचा आवाज आला, "एकेक रेघ एकेका खिडकीची आहे."

घर रिकामं होतं. दुकानात मी एकटा. त्या दिवसांत मी पेंटरला बोलावलं. आमच्या दुकानावर सुरुवातीपासून पाटी होती, 'प्रभाकर लेडीज टेलर'. ती त्याला पुसायला सांगितली आणि नवीन काढायला लावली.

थंडी संपता संपता ती परत आली. रिक्षा दुकानासमोर थांबली. ती उतरली आणि बॅग हातात घेऊन उभीच राहिली. वर 'वत्सला लेडीज टेलर'. रिक्षावाला पैशांसाठी थांबला होता, मी टाचण्या तोंडात धरून आत उभा होतो. पाटीकडे पाहत ती म्हणाली, "पेंटरनं ओळ वाकडी काढली." आणि आत जाऊन हुकांचा डबा शोधायला लागली.

तिला येऊन आठवडाही झाला नसेल. दुकानात गिरजाबाई होत्या, वैशाली होती. पैसे घ्यायचा तो क्यूआर कोड लावला आहे ना, त्या कंपनीचा मुलगा तपासणीला आला. रस्त्यावर उभं राहून त्यानं दुकानाचा फोटो काढला, मोबाइलमध्ये काहीतरी भरलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि आत आला.

"काका, खातं प्रभाकर लेडीज टेलरचं आहे. बोर्डावर वत्सला आहे. सिस्टिम घेत नाही."

मी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. त्याला सांगितलं की दुकान तेच आहे, मशीन तेच आहे, मीही तोच आहे. फक्त नाव बदललं.

"ते ठीक आहे, काका. पण दोन्ही दुकानं एकच आहेत, कशावरून? काही प्रूफ?"

गिरजाबाईंनी वैशालीकडे पाहिलं. वैशालीनं पदर तोंडाला लावला. दारात बसून ही हुक लावत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाली,

"त्याले लग्नाची पत्रिका दाखवा."